चोवीस शब्दांची तिजोरी

बँकेचे पासबुक हरवले तर दुसरे मिळते. बँक बुडाली तरी ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण असते. बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या धारकास असा आधार नाही. २०१४ साली टोकियोतील 'माउंट गॉक्स' हा विनिमय बाजार बुडाला आणि लाखो बिटकॉइन गहाळ झाल्याचे उघड झाले. त्याच वर्षी प्रागमधून 'ट्रेझर' हे हार्डवेअर वॉलेट बाजारात आले.

अशा उपकरणात नाणी नसतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नाण्यांची नोंद जगभरच्या संगणकांवरील सामाईक खातेवहीत असते. उपकरणात असते ती व्यवहारावर सही करणारी गुप्त किल्ली. उपकरण मोडले, तरी प्रारंभी मिळालेल्या १२ किंवा २४ शब्दांवरून ती पुन्हा सिद्ध करता येते. म्हणूनच हे शब्द स्वहस्ते कागदावर लिहावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये, ते कोणास सांगू नयेत. ते आधीच छापून आले असतील, तर तो सापळाच समजावा. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी उपकरण पुसून शब्दांवरून पुन्हा उभे करून पाहावे.

मध्यस्थ दूर झाला, की त्याची जबाबदारीही धारकाच्याच शिरावर येते. शब्द कोठे ठेवले आहेत हे वारसांस ठाऊक नसेल, तर संपत्ती खातेवहीत दिसत राहील. हाती मात्र लागणार नाही. ही दक्षता ज्यास पेलणार नाही, त्याने आपली तुटपुंजी बचत या वाटेस न नेलेलीच बरी.