दोष सुनेचा नाही!

पाळी चुकते, घरात आनंदीआनंद होतो आणि दोन महिन्यांत गर्भ पडतो. मग सुरू होते सुनेची उलटतपासणी. ‘बादली उचललीस का? पपई खाल्लीस का? स्कूटीवर कशाला बसलीस?’

मैत्रिणींनो, थोडं शास्त्र समजून घेऊ या. गर्भनलिकेत स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येतात. प्रत्येकाकडून २३ गुणसूत्रं येतात, मिळून ४६ होतात. कधी एखादं जास्त येतं, कधी कमी पडतं. असा गर्भ बहुतेकदा वाढूच शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या साधारण निम्म्या गर्भपातांमागे हेच कारण असतं. ही गडबड मुळातच झालेली असते. बादली किंवा स्कूटीमुळे ती होत नाही.

अशा वेळी त्या पोरीला आराम हवा, मायेचा शब्द हवा. रक्तस्राव जास्त असेल, ताप आला, पोटात फार दुखलं, तर तडक दवाखाना गाठावा. वारंवार गर्भपात होत असेल, तर तपासणी नवरा-बायको दोघांची करावी. एकट्या तिलाच डॉक्टरांच्या दारात उभं करू नये.

आणि सासूबाई, ‘काय केलंस?’ हे विचारण्याआधी ‘बरं वाटतंय ना गं?’ एवढं तरी विचारा.