डबल म्हणजे हिंमत नव्हे, बॉस!

फायनल इयरची मंडळी गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनो बोटी बघून आली, तेव्हापासून हॉस्टेलवर रमी मागे पडली आणि 'एकवीस' म्हणजे ब्लॅकजॅक सुरू झाला. (तिथे २१ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. मी विशीत, म्हणून मी आपला रूमवरच.) खेळताना एकच आरोळी : "डबल मार ना, घाबरतोस काय?"

माझं म्हणणं असं, की डबलचा हिमतीशी काडीचा संबंध नाही. हिट म्हणजे अजून एक पान, हवं तर आणखी. डबल म्हणजे पैज दुप्पट, पण पान एकच मिळणार, मग हात बांधले. थोडक्यात, दुसरं पान मागायचा हक्क विकायचा. तो कधी विकावा?

तुमच्याकडे छक्की आणि पंजी, म्हणजे ११. डीलरची उघडी छक्की. एकाच कॅटमध्ये न दिसलेल्या ४९ पानांत दश्शी, गुलाम, राणी, राजा मिळून १६, म्हणजे तीनात एकदा थेट २१. शिवाय डीलरला १७ होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात आणि छक्कीवरून तो शंभरात साधारण ४२ वेळा फुटतो. इथे डबल. पण तुमचे १० आणि समोर राजा असेल तर नुसतं हिट. दुर्री आली तर १२ वर अडकाल, पुढचं पान बंद.

हे कोणा जुगाऱ्याचं तोंडी शास्त्र नाही. १९५६ साली अमेरिकन लष्करातल्या चौघांनी साध्या गणकयंत्रांवर हिशोब करून ते छापलं. नंतर एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आयबीएम ७०४ कॉम्प्युटरवर ते आणखी बारीक केलं. आणि एवढं सगळं पाठ करूनही नेहमीच्या नियमांत कॅसिनो शेकडा अर्ध्या टक्क्याने पुढेच राहतो!

खरी गडबड वेगळीच. आमच्या मजल्यावर 'डबल'चा अर्थ झालाय, हरलो की पुढची पैज दुप्पट. पानं बघायचीच नाहीत. १०० पासून सुरू करून लागोपाठ सात वेळा हरलात तर १२,७०० गेले. एका पोराचे मेसचे पैसे असेच गेले. महिनाभर वडापाववर होता, घरी मात्र "जेवण मस्त आहे" सांगायचा. त्याला चढवणारे आता कॉरिडॉरमध्ये तोंड चुकवतात.

गिरीजला आमच्या वाडीत लग्नघरी रात्रभर पत्ते पिसले जातात. पण कोणी हरायला लागला की म्हातारी माणसंच त्याच्या हातची पानं काढून घेतात. आपल्याकडे वॉर्डन सर कॅट जप्त करतात आणि दुसऱ्या दिवशी नवा येतो. त्यापेक्षा मॅथ्सच्या सरांनी प्रोबॅबिलिटीचा एक तास हॉस्टेलवरच घ्यावा, पत्ते समोर ठेवून. हजेरी फुल्ल लागेल, गॅरंटी! पैजेला शेंगदाणे मी आणतो.