माकडं तीन नाहीत, सोळा आहेत!



गांधीजींची तीन माकडं आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असतात. एकानं डोळे झाकलेले, दुसऱ्यानं कान, तिसऱ्यानं तोंड. खाली तीन वाक्यं : वाईट पाहू नका, वाईट ऐकू नका, वाईट बोलू नका. मीही वर्षानुवर्षं हे शिकवलं. खरं सांगायचं तर तिसऱ्या माकडाचा उपयोग मी वर्ग गप्प करायलाच जास्त केला. 'हाताची घडी, तोंडावर बोट' याला गांधीजींचा आधार मिळाला, एवढंच!

एकदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, वाईट दिसलं तर घरी सांगायचं पण नाही का?" मी "तसं नाही गं" म्हटलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. ते उत्तर अपुरं आहे, हे तेव्हाही कळत होतं. पुरं उत्तर सापडलं ते निक्कोला गेल्यावर.

निक्को हे जपानमधलं डोंगरातलं गाव. टोकियोच्या उत्तरेला, रेल्वेनं साधारण दोन तासांवर. माझी मुलगी नोकरीनिमित्त टोकियोत असते, म्हणून हा योग आला. आठव्या शतकात शोदो नावाच्या बौद्ध भिक्षूनं इथे पहिलं मंदिर उभारलं. आज रिन्नोजी हे बौद्ध मंदिर आणि तोशोगू व फुतारासान ही शिंतो देवस्थानं एकाच जंगलात शेजारी-शेजारी आहेत. तिन्हींच्या मिळून १०३ वास्तूंना १९९९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आधी झाडांविषयी सांगते. या झाडाचं जपानी नाव 'सुगी'. आपल्याकडची पिकांची सुगी वेगळी! हे सरळसोट, आभाळाला भिडणारे सूचिपर्णी वृक्ष. सतराव्या शतकात मात्सुदाइरा मासात्सुना या सरदारानं वीसहून अधिक वर्षं खपून निक्कोकडे येणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा ते लावले. इतर सरदारांसारखी महागडी भेट देणं त्याला परवडलं नाही, म्हणून त्यानं रोपं दिली, अशी गोष्ट सांगतात. आज साधारण ३५ किलोमीटरच्या त्या रस्त्यांवर बारा हजारांच्या आसपास झाडं उभी आहेत. लावणाऱ्याला त्यांची सावली काही मिळाली नसेल. आपल्या व्यवसायाचंही असंच नाही का?

आता तोशोगू. तोकुगावा इएयासू हा जपानवर अडीचशेहून अधिक वर्षं सत्ता गाजवणाऱ्या घराण्याचा संस्थापक. १६१६ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी इथे त्याचं देवस्थान झालं. नातू इएमित्सू यानं १६३४ ते १६३६ या काळात त्याची भव्य पुनर्बांधणी केली. एकट्या योमेइमोन दरवाजावर ५०० हून अधिक कोरीव शिल्पं आहेत. सगळीकडे सोनं, लाख, झगझगीत रंग. पण या थाटामाटात एकच इमारत साध्या, न रंगवलेल्या लाकडाची आहे. ती म्हणजे देवाच्या घोड्याचा तबेला. माकडं घोड्यांचं रक्षण करतात, अशी जुनी समजूत होती, म्हणून तबेल्याच्या भिंतीवर माकडं कोरली.

ती तीन माकडं इथली! गर्दी त्यांच्याच खाली. फोटो काढायचा आणि पुढे पळायचं. मुलगी म्हणाली, "आई, थांब. पट्ट्या आठ आहेत, पहिलीपासून बघ."

तेव्हा कळलं, की ही एका आयुष्याची गोष्ट आहे. आठ पट्ट्या, सोळा माकडं. पहिल्या पट्टीत आई डोळ्यांवर हात धरून दूर, लेकराच्या भविष्याकडे बघते आहे आणि लेकरू तिच्या तोंडाकडे. दुसरीत आपली ओळखीची तीन माकडं, म्हणजे बालपण. पुढे स्वतःच्या पायांवर उभं राहण्याआधी एकटं बसलेलं माकड, मग आभाळाकडे बघणारी स्वप्नाळू माकडं, मग खचलेल्या मित्राला धीर देणारा सोबती, प्रेम, संसाराच्या लाटा आणि शेवटी गरोदर माकडीण. म्हणजे गोष्ट पुन्हा पहिल्या पट्टीकडे.

मराठी शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. जपानीत माकड म्हणजे 'सारू' आणि '-झारू' हा जुना नकारार्थी प्रत्यय. मिझारू, किकाझारू, इवाझारू म्हणजे न पाहणं, न ऐकणं, न बोलणं. चक्क श्लेष! आणि 'वाईट' हा शब्द त्यात नाहीच, तो अर्थातून येतो.

माझं मत स्पष्ट आहे. दुसरी पट्टी मुलांना गप्प बसवण्यासाठी नाही. कोवळ्या वयात वाईट गोष्टी मुलांपर्यंत पोचू नयेत, असं ती सांगते. आणि ते काम मुलांचं नाही, पहिल्या पट्टीतल्या आईचं आहे. म्हणजे तुमचं-माझं. घरात मोठ्यानं चाललेली भांडणं, मुलाच्या हातात दिलेला मोबाईल, त्याच्यासमोर कुणाला दिलेल्या शिव्या, इथे डोळे-कान झाकायचे ते आपण, आपल्या वागण्यातून. उलट मुलाला काही वाईट दिसलं, कुणी नकोसा स्पर्श केला, कुणी मारलं, तर त्याच्या तोंडावरचा हात आधी काढायला हवा. गांधीजींनी माकडाची ती छोटी मूर्ती जवळ ठेवली, पण अन्याय दिसल्यावर ते स्वतः कधी गप्प बसले नाहीत, हेही मुलांना सांगूया.

एक उपक्रम सुचवते. फळ्यावर आठ चौकटी आखा. दुसरीत तीन माकडं काढा आणि बाकीच्या सात मुलांना भरू द्या. पाचवीशी, मित्राला धीर देणाऱ्या चौकटीशी, थोडं जास्त थांबा. मुलं तिथे बोलतात. तेव्हा आपण ऐकायचं.

त्या मुलीला मी आता उत्तर देऊ शकते : "सांगायचं बाळा. सगळ्यात आधी सांगायचं."