पॉर्न आणि दांपत्यसुख : दोन पूर्वपक्षांचा परामर्श

पॉर्न पाहण्याच्या परिणामांविषयी दोन टोकाची मते प्रचलित आहेत. पॉर्न अमली पदार्थासारखे मेंदू पोखरते आणि पुरुषाला नपुंसक करते, हे पहिले मत. ती खासगी करमणूक असून जोडीदाराला तिचे काही देणेघेणे नाही, हे दुसरे.

पहिल्या मताच्या पुष्ट्यर्थ २०१४ सालच्या बर्लिनमधील अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यात ६४ पुरुषांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली आणि अधिक पॉर्न पाहणाऱ्यांमध्ये स्ट्रायटम या भागाचे आकारमान कमी आढळले. परंतु पाहण्याने हा भाग आक्रसला, की मुळातच तो लहान असणारे अधिक पाहतात, हे त्यावरून ठरत नाही. आयसीडी-११ या जागतिक रोगवर्गीकरणात ‘अनिवार लैंगिक वर्तन’ हा विकार आहे. पण तो व्यसनांमध्ये नव्हे, आवेगनियंत्रणाच्या विकारांमध्ये मोडतो. निव्वळ नैतिक अपराधभावातून होणारा त्रास त्याच्या निदानाला पुरत नाही. लिंगाला ताठरता न येण्यामागे मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, नैराश्य किंवा समागमाविषयीची धास्ती असू शकते. कधी ही तक्रार हृदयविकाराची पूर्वसूचनाही असते. सारा दोष पॉर्नवर टाकला, की या कारणांच्या तपासण्या राहून जातात.

दुसरे मतही टिकत नाही. सुमारे ५० अभ्यास आणि ५० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करणाऱ्या २०१७ सालच्या विश्लेषणात पॉर्न पाहणाऱ्या पुरुषांचे लैंगिक व नात्यातील समाधान कमी दिसले. स्त्रियांमध्ये असा संबंध आढळला नाही. पहिल्या मताला लावलेली कसोटी इथेही लागू आहे: सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, असमाधानी माणूसही पॉर्नकडे वळू शकतो. तरीही ‘नात्याशी संबंध नाही’ हा दावा यापुढे करता येत नाही.

पॉर्नचा परिणाम ते पाहण्यापेक्षा कसे पाहिले जाते यावर अधिक अवलंबून असतो. लपवाछपवी झाली, तर उघडकीस आल्यावर जोडीदाराला विश्वासघात वाटतो. पडद्यावरचे प्रसंग कॅमेऱ्यासाठी रचून संकलित केलेले असतात. संमती विचारणे, निरोध वापरणे, थकणे, नकार देणे यांना तेथे सहसा स्थान नसते. त्यालाच धडा मानणारा तरुण स्वतःचे शरीर आणि पत्नीची इच्छा दोन्ही चुकीच्या मापाने मोजतो.

म्हणून बंदीपेक्षा लैंगिक शिक्षण प्रभावी ठरते. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातून तेच केले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले; १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. शास्त्रीय माहितीलाच अश्लील ठरवले, तर शिकवण्याचे काम पॉर्नकडे जाते.

पॉर्न पाहण्याला सहा महिने किंवा अधिक काळ आवर घालता येत नसेल, काम आणि नाती दुर्लक्षित होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो. ताठरतेच्या तक्रारीत रक्तशर्करा व रक्तदाब आधी तपासावा. इतर दांपत्यांनी काय चालेल, काय नाही, हे आपसांत मोकळेपणी ठरवणे पुरेसे आहे.