टक्केवारीचे ज्योतिष

दिनांक २४ जून २०२५ रोजी न्यूयॉर्क शहरात पारा फॅरनहाइटच्या शंभरीला टेकला होता. आपल्या मापाने सदतीस-अडतीस अंश. आपणांस त्याचे विशेष वाटणार नाही, परंतु त्या शहरास ती प्रखर उष्णतेची लाट होती. त्याच दिवशी महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने कोणास उभे करावे ह्याचा निर्णय त्या पक्षाचे नोंदलेले मतदार करीत होते. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत मतदान चालू होते आणि शहराचे निवडणूक मंडळ दर काही तासांनी, पाचही विभागांत किती मतदार येऊन गेले, हा आकडा जाहीर करीत होते. ब्रुकलिनचा आकडा चढला की जोहरान ममदानी ह्यांच्या पाठीराख्यांनी उल्हसित व्हावे, ब्राँक्सचा चढला की अँड्र्यू कुओमो ह्यांच्या पाठीराख्यांनी. उन्हाच्या तडाख्याने वृद्ध मतदार घराबाहेर पडणार नाहीत अशी एका पक्षाची आशा, तर तीच दुसऱ्याची धास्ती. मत देऊन मोकळा झालेला समर्थक उरलेला दिवस काय करतो, ह्या प्रश्नाचे उत्तर आता जगभर एकच झाले आहे: तो टक्केवारी पाहत बसतो.

ह्या छंदाची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने महिनोन्‌महिने दारोदार फिरून प्रचार केला, त्याच्या हाती मतदानाच्या दिवशी दुसरे काही उरलेले नसते. मते पेटीत बंद असतात. बाहेर येतो तो केवळ संख्येचा आवाज. त्या आवाजात आपल्याच उमेदवाराचे नाव ऐकू येणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तथापि संख्या ही संख्याच असते. आयुष्याची काही वर्षे खडू-फळ्याच्या सहवासात घालविल्यामुळे आम्हांस येथे हजेरीपटाची आठवण होते. परीक्षेच्या दिवशी वर्गातील एकूण एक मुलगा हजर आहे, एवढ्यावरून कोणता मुलगा पहिला येणार हे आजवर कोणा शिक्षकास सांगता आलेले नाही.

ह्या बाबतीत न्यू हॅम्पशायरचे उदाहरण अमेरिकेतील जाणत्या लोकांनी कधी विसरू नये. हे ईशान्येकडील लहानसे राज्य, पण १९१६ पासून तेथे प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरविणारे, मतदान होत आले आहे आणि १९५२ पासून मतदार थेट अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या नावांपुढे खूण करू लागले. जानेवारी २००८ मध्ये येथे बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन ह्यांचा सामना होता. त्याच्या पाचच दिवस आधी, ३ जानेवारीस, आयोवा राज्यात मतदारांच्या सभा भरल्या होत्या. डेमोक्रॅटिक सभांना २००४ साली सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते. २००८ साली सुमारे २ लाख ३९ हजार आले, आणि ओबामा विजयी झाले. नवे व तरुण मतदार लोटले म्हणून ओबामा जिंकले, हे अनुमान आयोवापुरते बरोबरच होते. परंतु त्यावरून एक सूत्र तयार झाले: गर्दी म्हणजे ओबामा.

मग ८ जानेवारी उजाडला. ऐन हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरमध्ये त्या दिवशी अनपेक्षित ऊब होती. मतदान केंद्रांवर एवढी रीघ लागली की काही गावांतून मतपत्रिका कमी पडण्याची चिन्हे दिसू लागली आणि राज्याच्या सचिवालयास जादा मतपत्रिका मोटारींनी धाडाव्या लागल्या. मतपत्रिका संपत आल्याची ही वार्ता ओबामांच्या समर्थकांना विजयाच्या दुंदुभीसारखी वाटली असल्यास नवल नाही, कारण मतदानापूर्वीच्या जवळजवळ सर्व पाहण्यांनी त्यांनाच पुढे दाखविले होते. त्या राज्यात कोणत्याही पक्षात नाव न नोंदलेल्या मतदारास हव्या त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते आणि हा तटस्थ मतदार ओबामांकडे वळणार असा सर्वांचा होरा होता. रात्री निकाल आला तो असा: क्लिंटन ३९ टक्के, ओबामा ३६ टक्के, दोहोंत अंतर साडेसात हजार मतांच्या आसपास. डेमोक्रॅटिक बाजूस एकंदर मतदान पावणेतीन लाखांच्याही वर गेले होते. गर्दी खरीच होती. ती कोणाची होती एवढेच कोणास ठाऊक नव्हते. मतदानोत्तर पाहणीत दिसून आले की तिच्यात स्त्रियांचा वाटा निम्म्याहून बराच अधिक होता आणि आयोवातील स्त्रियांप्रमाणे त्या ओबामांकडे न जाता मोठ्या प्रमाणावर क्लिंटन ह्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल की न्यूयॉर्कमध्ये तर गर्दीने भाकीत खरे केले. केले, हे खरे. १४ ते २२ जून ह्या नऊ दिवसांच्या आगाऊ मतदानात ३ लाख ८४ हजारांहून अधिक लोक येऊन गेले, म्हणजे २०२१ च्या दुप्पट. आणि तेहतीस वर्षांच्या ममदानींनी पसंतिक्रमाच्या मोजणीत ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी कुओमोंना हरविले. (मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांवर ‘सलाम बॉम्बे!’ हा चित्रपट काढणाऱ्या मीरा नायर ह्यांचे हे चिरंजीव, हे आमच्या वाचकांस स्मरत असेलच.) परंतु येथे समर्थकांच्या हाती निव्वळ संख्येहून अधिक काही होते. कोण येऊन गेले हे तेथे मतदारनोंदणीवरून कळते. त्याचे वय, त्याचा मोहल्ला, पूर्वी त्याने किती वेळा मत दिले हे ताडून पाहता येते. आगाऊ मतदानात तरुणांचा भरणा पूर्वीपेक्षा ठळक आहे, हे त्यावरून आधीच दिसले होते. म्हणजे भाकीत वर्तविले ते टक्केवारीने नव्हे, यादीने. तरीही त्या यादीत मत कोणास दिले हे लिहिलेले नसते, आणि नसावेच.

टक्केवारीवर टक लावणारा समर्थक आणि यादीवर खुणा करणारा कार्यकर्ता हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. आपल्याकडेही केंद्राबाहेर टेबल मांडून चिठ्ठ्या वाटणारा कार्यकर्ता आलेल्यांच्या नावांवर काट मारतो व दुपारी चारनंतर न आलेल्यांच्या घरी माणूस धाडतो. त्याच्या दृष्टीने संख्या हे कामाचे साधन आहे. अमेरिकेतील पक्षकार्यकर्तेही पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. दर तासाने ताजा आकडा वाचून त्यावर तर्क लढविणाऱ्याच्या हातून मात्र एकही न आलेला मतदार केंद्रावर येत नाही.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. ही संख्या जे सांगू शकत नाही ते तिच्याकडून वदवून घेण्यात सारे गुंतलेले असतात. आणि ती जे मोठ्याने सांगत असते, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. न्यूयॉर्कच्या त्या मतदानाला विक्रमी म्हटले गेले. मतदान झाले दहा लाखांहून थोडे अधिक. शहरात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले मतदार तीस लाखांच्या वर आणि लोकवस्ती ऐंशी लाखांच्या पलीकडे. शिवाय तेथील प्रायमरी बंदिस्त. ज्या जुन्या मतदारास पक्षनोंदणी बदलून ह्या मतदानात भाग घ्यावयाचा होता, त्याला ते १४ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे चार महिने आधी, करणे भाग होते. उमेदवारांची नावे लोकांच्या तोंडी येण्यापूर्वीच दार लावून घेतलेले! २०१८ साली ह्याच शहरात, ब्राँक्स व क्वीन्समध्ये पसरलेल्या एका मतदारसंघातून अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ ह्यांनी जो क्रॉली ह्या मुरब्बी प्रतिनिधीस प्रायमरीत हरविले आणि देशभर खळबळ उडाली. त्या ऐतिहासिक लढतीत उभयतांना मिळालेली मते मिळून तीस हजारांच्या आत होती, आणि मतदारसंघाची वस्ती सुमारे सात लाख. निकाल कोणाला आवडो वा न आवडो, सात लाखांचा प्रतिनिधी ठरला तो एवढ्यांच्या मतावर, कारण जेथे एकाच पक्षाचे वर्चस्व असते तेथे पुढची सार्वत्रिक निवडणूक हा बहुधा उपचारच असतो. अध्यक्षपदाच्या प्रायमऱ्यांतही २०१६ साली दोन्ही पक्षांत मिळून सुमारे ५ कोटी ७६ लाख लोकांनी मत दिले, आणि ते पात्र मतदारांच्या २८.५ टक्के होते. तेवढ्यावरही भरघोस मतदानाच्या वार्ता झळकल्या.

प्रायमरीचे महत्त्व ओळखले होते ते तिच्यातून ज्यांना हाकलून देण्यात आले त्यांनी. अमेरिकेच्या दक्षिणेत एके काळी डेमोक्रॅटिक पक्षाखेरीज दुसऱ्या पक्षाला नावापुरतेच अस्तित्व होते, म्हणून खरी निवडणूक ती प्रायमरीच. टेक्सासमध्ये कृष्णवर्णीयांना प्रथम कायद्याने व मग पक्षाच्या ठरावाने तिच्यातून वगळण्यात आले. पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिने कोणास आत घ्यावे हा तिचा प्रश्न, असा युक्तिवाद होता. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ ह्यांनी दाद मागितली व १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविली. ज्या दाराशी उभे राहण्यासाठी माणसांना एवढे झगडावे लागले, त्याच्या आतून आज तीनांत दोन नोंदलेले मतदार फिरकत नाहीत. टक्केवारीचा आकडा हे सांगतो. समर्थकांनी तो ऐकावयास हवा होता.

हे सर्व लिहिताना महाराष्ट्राकडे दृष्टी वळल्याशिवाय राहत नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. सायंकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अखेरचा ६६ च्या घरात गेला. २०१९ साली तो ६१ च्या आसपास होता. मतदान वाढले की सत्ताधारी पडतात असा आपल्याकडे जुना ठोकताळा आहे. वाढीव मतदान आपलेच, असे त्या दिवशी दोन्ही आघाड्यांनी सांगितले, आणि निकालात सत्ताधाऱ्यांच्या महायुतीस २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. पाचनंतरच्या वाढीवरून पुढे जो वाद झाला त्याचा न्यायनिवाडा करण्याची ही जागा नव्हे. तासागणिक मिळणारे आकडे अंदाजी असतात हे आयोगाने आधीच ठळकपणे सांगावयास हवे होते, एवढेच आम्ही म्हणतो.

मात्र न्यूयॉर्कच्या दहा लाखांना कमी म्हणताना आपली मान ताठ राहत नाही. आपल्याकडे उमेदवार ठरविताना मतदान होतच नाही, मग त्याची टक्केवारी कोठून येणार? अर्ज भरण्याची मुदत संपत येते, तेव्हा रात्री उशिरा दिल्लीहून वा मुंबईतील एखाद्या बंगल्यावरून यादी येते. ज्याचे नाव गळले तो सकाळी बंडखोर होतो. जो कार्यकर्ता मतदानाच्या दिवशी टक्केवारीकडे डोळे लावून बसतो, त्यालाही आपल्या पक्षाने अमुक माणूस का उभा केला हे वर्तमानपत्रातून कळते. राज्यातील एखाद्या तरी पक्षाने निदान आगामी महानगरपालिकांच्या काही प्रभागांत आपल्या नोंदलेल्या सभासदांचे गुप्त मतदान घेऊन तिकिटे द्यावीत, अशी आमची सूचना आहे. पैसा चालेल, गट पडतील, खोटे सभासद नोंदले जातील, हे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. आज बंद खोलीत ह्यांपैकी काय चालत नाही, हे आक्षेपकांनी सांगावे.

हा प्रयोग अगदीच अपरिचित नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने देशातील काही मोजक्या मतदारसंघांत अशी अंतर्गत निवडणूक घेतली होती. महाराष्ट्रातील लातूर व वर्धा त्यांत होते. मत देण्याचा अधिकार होता तो पदाधिकारी व निवडक कार्यकर्त्यांना. सामान्य मतदारास नव्हे. मे महिन्यात दोन्ही जागा त्या पक्षाने गमावल्या. त्या वर्षी राज्यात त्याला ४८ पैकी दोनच जागा मिळाल्या होत्या, तेव्हा पराभवाचा दोष ह्या पद्धतीस देणे न्याय्य नव्हते. तरीही २०१९ साली लातूर आणि वर्धा येथील उमेदवार पुन्हा वरूनच ठरले.