शब्दांची कुळकथा : बॉयकॉट

काही शब्द माणसांच्या नावातून जन्मतात आणि त्या नावालाच अपकीर्ती देऊन जातात. ‘बॉयकॉट’ हा त्यांतलाच एक.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हे आयर्लंडातील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी होते. पिके बुडाल्यामुळे १८८० साली कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. मालक १० वर अडले. जमिनी सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सुमारास, १९ सप्टेंबर रोजी, एनिसच्या सभेत पार्नेल यांनी विचारले, हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचे काय करावे? श्रोत्यांतून ‘ठार करा’ असा घोष उठला. पार्नेल यांनी अधिक चांगला मार्ग सांगितला : रस्त्यात, दुकानात, देवळात त्याच्याशी संबंध ठेवू नका.

तो प्रयोग बॉयकॉट यांच्यावर झाला. गडी निघून गेले, दुकानदार माल देईनात. अखेर अल्स्टरहून ५० स्वयंसेवक येऊन, सैन्याच्या पहाऱ्यात, त्यांनी पीक काढले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्ची पडल्याचा अंदाज झाला. डिसेंबरात कॅप्टनसाहेबांनी आयर्लंड सोडले.

या कृतीस ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द होता. पण तो शेतकऱ्यांच्या जिभेस जड, म्हणून फादर ओमॅली या धर्मगुरूंनी ‘बॉयकॉट’ सुचविला, असे रेडपाथ या पत्रकाराने नमूद केले आहे.

१९०५ च्या वंगभंगानंतर हाच शब्द आपल्याकडे गाजला. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही टिळकांची चतुःसूत्री सर्वश्रुत आहे. परंतु ‘बहिष्कार’ हा आपला जुना शब्द. त्याचा अर्थ बाहेर घालणे, वाळीत टाकणे. त्याची धग ज्यांनी सोसली, त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक काढले. जातपंचायतींच्या अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला.

एकाच शब्दाच्या पोटात असे दोन अर्थ नांदतात. दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध उचलला, तर तो प्रतिकार. अनेकांनी एकट्यावर लादला, तर तो अत्याचार. परमुलखात जात, मंडळ आणि पंगत यांच्या आधाराने राहिलेल्या आपल्यासारख्यांनी हा भेद विशेष जपावा, असे आम्हांस वाटते. कुणाचे पान पंगतीतून उचलण्यापूर्वी, आपण कोणता बहिष्कार घालीत आहोत, एवढे मनास विचारावे.