लाथ मारीन तिथं गिअर

परवा रात्री जेवताना आमच्या पुतणीनं जाहीर केलं, की तिला मोटारसायकल घ्यायची आहे. स्कूटर नव्हे, चांगली पाच गिअरची मोटारसायकल. वहिनींच्या हातातला आमटीचा डाव तसाच अधांतरी राहिला. थोरल्या बंधूंनी शांतपणे भात कालवला आणि निकाल दिला, "गिअरचं तुला जमायचं नाही. ताकद लागते त्याला. विचार काकाला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं गिअरची गाडी चालवणारा घरातला एकमेव माणूस मी. मी नुसतं "हं" म्हणालो. ते "हं" मला रात्रभर झोपू देईना. त्या एका अक्षराचं प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहितो आहे.

गिअर बदलायला ताकद लागते ही एक अफवा आहे, आणि ती आम्हा पुरुषांनी पसरवली आहे. मी तर तिचा जुना प्रचारक. माझ्या डाव्या बुटाकडे पाहून चांभारानं एकदा विचारलं होतं, "साहेब, एकाच पायानं चालता का?" गिअर अडला, की मी लाथ घालीत असे. लाथ मारीन तिथं पाणी काढीन म्हणणाऱ्यांच्या मुलखातला माणूस! पाणी निघालं नाही, पण गिअरच्या दांडीला मात्र कायमचा बाक आला. गिअर कर्र करून पडला, की मी म्हणे, "गिअरबॉक्स गेलाय." पडला नाही, तरी म्हणे, "गिअरबॉक्स गेलाय." आपली चूक असू शकते, हा विचार मनात यायला मोटारसायकलवाल्याला फार वर्षं लागतात.

मला शहाणं केलं आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं. तिसऱ्यांदा क्लचप्लेटा जाळून गेलो, तेव्हा तो म्हणाला, "गाडी चालवता का नारळ फोडता?" आणि उघडून ठेवलेलं एक जुनं इंजिन त्यानं पुढ्यात ओढलं. तोवर माझी समजूत अशी, की गिअर टाकला म्हणजे आत कुठलं तरी चाक उचलून दुसऱ्यावर आदळावं लागतं. तसं काही नसतं. आतली सगळी दातेरी चाकं जोडीजोडीनं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. पायानं दांडी दाबली, की आतला एक ड्रम थोडासा फिरतो, एक चिमटा एका चाकाला जरासा बाजूला सरकवतो आणि त्या चाकाचे ठोकळे शेजारच्या चाकाच्या खाचेत बसतात. झालं! हे एवढं काम अंगठ्याच्या जोरानं होतं. ठोकळ्यासमोर खाच आली, तर गिअर पडतो. ठोकळ्यासमोर ठोकळाच आला, तर प्रत्यक्ष भीमानं लाथ घातली तरी पडत नाही. अशा वेळी उभ्या गाडीचा क्लच केसभर सोडून पुन्हा दाबावा, नाहीतर गाडी वीतभर मागेपुढे ढकलावी. चाक जरा फिरतं, खाच समोर येते आणि मघाशी हटून बसलेला गिअर आपण होऊन पडतो.

चालत्या गाडीचं तंत्रही एवढंच सोपं. मूठ मिटवायची, क्लच ओढायचा, दांडी एकदा ठामपणे दाबून पाय लगेच बाजूला घ्यायचा, क्लच अलगद सोडायचा आणि सोडता सोडता मूठ पुन्हा पिळायची. दांडी परत जागेवर आल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही, म्हणून पाय तिच्यावर ठेवून बसायचं नाही. त्यानं आतले चिमटे झिजतात. खाली उतरताना क्लच सोडण्याआधी मूठ किंचित वाढवायची, म्हणजे मागचं चाक हिसका देत नाही. आणि न्यूट्रल शोधायचा तो सिग्नलला गाडी थांबायच्या आत, दुसऱ्यातून अर्धं दाबून. गाडी ठप्प उभी राहिल्यावर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत बसलेला माणूस देवळात घंटा बडवणाऱ्या पोरासारखा दिसतो.

आता यात ताकद कुठं आली, सांगा! लागतो तो कान. इंजिन आधी सांगतं, मग आपण बदलायचं. खंबाटकीच्या चढावर चौथ्यात कण्हणारी गाडी "तिसरा टाक बाबा" असं स्पष्ट मराठीत सांगत असते. वरचा बहाद्दर मात्र मूठ पिळतच राहतो.

गाडीचा दोष नसतोच, असं मी म्हणत नाही. पण तो गिअरबॉक्सच्या आधी दुसरीकडे शोधावा. क्लचच्या दांडीला टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर सैल चाल हवी. केबल ढिली पडली, की क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो. फार ताणली, की प्लेटा घसरून जळतात. बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर जगतात. तिथं शेजाऱ्याच्या मोटारीचं उरलेलं तेल काटकसर म्हणून ओतलं, तर क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं पाहून घ्यावं. चेन लोंबत असेल, तर प्रत्येक गिअरला धक्का बसणारच. यातल्या एकाही गोष्टीला मिशी लागत नाही.

आणि गिअरची जागा तरी कुठं ठरलेली होती? स्कूटरचा डाव्या मुठीत, जुन्या बुलेटचा उजव्या पायात. जावा-येझदीला तर किक आणि गिअर मिळून एकच दांडी. प्रत्येक वेळी आपण नव्यानं शिकलो आणि प्रत्येक वेळी म्हणालो, की हे जन्मजात आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं परवान्यासाठी दुचाकीचे दोन वर्ग केले, गिअरची आणि बिनगिअरची. पुरुषाची आणि बाईची असे केलेले नाहीत. सरकारला कळलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून पोचायचं आहे.

रविवारी सकाळी मी पुतणीला मैदानावर नेलं. पहिल्या पाच मिनिटांत तिनं गाडी तीनदा बंद पाडली. मी पहिल्या दिवशी अकरा वेळा पाडली होती आणि शेवटच्या वेळी गाडीसकट स्वतःही पडलो होतो. चौथ्या वेळी ती निघाली. मी मागून ओरडलो, "अगं, दुसरा टाक!" ती वळसा घालून आली आणि म्हणाली, "काका, तिसऱ्यात आहे."

संध्याकाळी हा वृत्तान्त मी टेबलावर सांगितला. बंधूंनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाले, "गाडीच चांगली असणार."

मला अचानक सगळा हिशेब उमगला. पुरुषाला गिअर जमला नाही, की गाडी वाईट. मुलीला जमला नाही, की मुलगी वाईट. आणि मुलीला जमला, की गाडी चांगली!

या वेळी मी "हं" म्हणालो नाही. म्हणालो, "गाडी माझीच होती. पस्तीस वर्षं लाथा खाल्लेली."